मागच्या बाकावरून दिसणारा पाठ

एका वाचक प्राध्यापिकेचे पत्र आले आहे. नाव न छापण्याची त्यांची विनंती आहे. पत्र थोडे आटोपते करून देतो.

"मी चौदा वर्षे शाळेत गणित शिकवले आणि दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात रुजू झाले. भावी शिक्षकांना गणिताची अध्यापन पद्धती शिकवणे आणि आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाच्या, काळात शाळांत जाऊन त्यांच्या पाठांचे निरीक्षण करणे हे माझे काम आहे. शाळेत मला चांगली शिक्षिका म्हणून ओळखत असत. इथे मात्र आपण कुणालाच काही देऊ शकत नाही, असे वाटू लागले आहे. पाठ संपल्यावर मी अर्धा अर्धा तास बोलते, वहीत दोन दोन पाने शेरे लिहिते, हे भावी शिक्षक म्हणजे छात्राध्यापक मान डोलावतात आणि पुढच्या पाठात तीच चूक करतात. त्यांच्यातली एक छात्राध्यापिका फार कष्टाळू आहे, तिचे पाठ टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, देखणे असते, पण वर्ग तिच्या हातात राहत नाही. मागच्या आठवड्यात तिचा अपूर्णांकांच्या भागाकाराचा पाठ चालू असताना, मी तिथे असते तर हे दहा मिनिटांत मुलांना पटवून दिले असते, असे मला सारखे वाटत होते. शेवटी न राहवून मी उठले आणि उरलेला पाठ स्वतः घेतला. मुलांना समजले, पण त्या दिवसापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही. शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षिका तिला सांगतात की विद्यापीठातले सगळे विसर, आधी वर्ग शांत ठेवायला शिक. वर्षअखेरीस तिला उत्तीर्ण करायचे की नाही, हे माझ्या सहीवर अवलंबून आहे. शिवाय विभागात शोधनिबंधांची विचारणा होते आणि शाळाभेटींत गेलेला वेळ कुणी मोजत नाही. मी शाळेत परत जावे का?"

सस्नेह नमस्कार.

तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटी आला असला तरी त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो: एवढ्यात जाऊ नका. शाळेत परतणे ही माघार आहे, असे मी मुळीच मानत नाही, आणि पुढे कधी मुलांमध्येच राहावेसे वाटले तर अवश्य जा; पण आज तुम्ही ज्या कारणासाठी जाऊ म्हणता ते कारण मला पटत नाही. तुम्ही ज्याला अपयश समजता आहात ती एका वेगळ्याच व्यवसायातली दुसऱ्या वर्षाची उमेदवारी आहे, आणि चौदा वर्षांच्या नावलौकिकानंतर पुन्हा उमेदवार होणे कुणालाही जड जाते.

पत्र वाचताना मी 'मी तिथे असते तर' या शब्दांपाशी थांबलो. निरीक्षणासाठी मागच्या बाकावर बसलेल्या बहुतेक नव्या प्राध्यापकांच्या डोळ्यांपुढे एकाच वेळी दोन पाठ चाललेले असतात; एक फळ्यासमोर प्रत्यक्ष चाललेला, आणि दुसरा त्यांच्या मनात चाललेला, त्यांनी स्वतः घेतला असता तो. मनातला पाठ अर्थातच सरस असतो, कारण त्यात मुले वेळेवर उत्तरे देतात आणि तास संपण्याची घंटाही मध्येच होत नाही. वहीत उतरतात ते शेरे या दोन पाठांमधल्या अंतराचे असतात. छात्राध्यापिकेला तो दुसरा पाठ दिसतच नसल्यामुळे शेऱ्यांमधून तिला एवढेच समजते की आपण कमी पडलो. कशाने कमी पडलो आणि उद्या सकाळी नेमके काय वेगळे करायचे, हे समजत नाही. ती मान डोलावते, कारण त्या क्षणी दुसरे काही करण्यासारखे तिच्याजवळ नसते.

शाळेत तुमचे विद्यार्थी गणित शिकत होते आणि आता तुमचे विद्यार्थी शिकवणे शिकत आहेत. तुम्हाला शिकवता येते, पण शिकवणे शिकवता येणे ही दुसरी विद्या आहे आणि ती तुम्हाला अजून यायची आहे. हे बोलणे कठोर वाटेल. परंतु या क्षेत्रात शाळेतून आलेल्या प्रत्येकाला, मला धरून, या पायरीवरून जावे लागले आहे, आणि आम्हाला ते कुणी सांगितले नाही म्हणून आमची काही वर्षे वाया गेली.

चांगल्या शिक्षकाचे बरेचसे ज्ञान हातात मुरलेले असते आणि मुरलेले ज्ञान मालकालाही दिसत नाही. प्रश्न विचारल्यावर थांबण्याची साधी गोष्ट घ्या. मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अमेरिकी अभ्यासिकेने १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी १ सेकंदाच्या आसपासच थांबतात आणि लगेच स्वतः बोलू लागतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात, असे त्यांना आढळले. हाच अवधी ३ सेकंदांपर्यंत वाढवला तेव्हा मुलांची उत्तरे लांबली आणि गप्प राहणाऱ्यांची संख्या घटली. तुम्ही बहुधा चौदा वर्षे हे ३ सेकंद थांबत आला असाल आणि कुणी विचारले असते तर 'मी काही विशेष करत नाही' असे प्रामाणिकपणे सांगितले असते. जाता जाता एवढे मात्र विचारतो की पाठानंतरच्या तुमच्या अर्ध्या तासात छात्राध्यापिकेच्या उत्तरासाठी तुम्ही किती सेकंद थांबता?

आता समोरच्या बाजूने पाहू. वैद्यकाचा विद्यार्थी पहिल्या दिवशी शस्त्रक्रिया पाहतो तेव्हा त्याला आपले अज्ञान माहीत असते. शिक्षक होऊ पाहणाऱ्याचे तसे नसते, कारण तो लहानपणापासून शिक्षकांकडे पाहत आलेला असतो. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये याकडे लक्ष वेधले. शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थ्याचे सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या थेट सहवासात गेलेले असतात, असा त्यांचा अंदाज होता, आणि या काळाला त्यांनी निरीक्षणातून घडलेली उमेदवारी म्हटले. या उमेदवारीतली गोम अशी की विद्यार्थ्याला रंगमंच दिसतो आणि विंग दिसत नाही. शिक्षकाने हेच उदाहरण का निवडले, दुसरे का टाळले, मागच्या रांगेतल्या मुलाचे चुकीचे उत्तर ऐकून न ऐकल्यासारखे का केले, यांपैकी काहीही त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे शिकवणे म्हणजे नीट समजावून सांगणे आणि वर्ग गप्प ठेवणे, अशी एक पक्की समजूत घेऊनच तो तुमच्या वर्गात येतो. तुम्ही उठून तिचा पाठ पूर्ण केलात तेव्हा तुम्ही त्या १३,००० तासांत आणखी काही मिनिटांची भर घातली. विंग तिला याही वेळी दिसली नाही. मुलांना समजले हे खरे, पण त्या वर्गात तुमची विद्यार्थिनी एकच होती, आणि तिला त्या दिवशी एवढेच शिकायला मिळाले की बाईंना येते आणि मला येत नाही.

तुमच्याच उदाहरणावर थोडे अधिक बोलू, कारण अपूर्णांकांचा भागाकार हे ठिकाण फार बोलके आहे. गणितशिक्षणाच्या अभ्यासक लिपिंग मा यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील २३ आणि चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांना एक प्रश्न विचारला होता: पावणेदोनला अर्ध्याने भागा आणि या भागाकाराला साजेसे एखादे शाब्दिक उदाहरण तयार करा. चीनमधील सर्व शिक्षकांचे उत्तर बरोबर आले. अमेरिकेतील २३ पैकी ९ जणांनीच आकडेमोड शेवटपर्यंत बरोबर केली, आणि अर्थाच्या दृष्टीने बरोबर उदाहरण त्यांच्यापैकी फक्त एकाला रचता आले. चुकलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी अर्ध्याने भागणे आणि निम्मे करणे यांची गल्लत केली होती. मराठीत तर ही दोन वाक्ये इतकी जवळ आहेत की सावध माणूसही घसरेल. पावणेदोन लिटर पाणी दोघांत वाटणे वेगळे, आणि पावणेदोन लिटर पाण्याने अर्ध्या लिटरच्या किती बाटल्या भरतील हे विचारणे वेगळे. दुसऱ्याचे उत्तर साडेतीन येते, मुळातल्या संख्येपेक्षा मोठे, आणि भागाकाराने संख्या लहान होते असे इतकी वर्षे मानत आलेले मूल तिथे अडते. तुमची छात्राध्यापिका 'उलटा करून गुणा' हा नियम अचूक सांगत असेल, तिचे टाचणही निर्दोष असेल, पण मूल कुठे अडेल याचा अंदाज तिला नसेल, तर वर्ग तिच्या हातून निसटणारच. न समजलेली मुलेच आधी चुळबुळ करतात. म्हणून तिचा प्रश्न वर्गनियंत्रणाचा आहे, असे घाईने ठरवू नका. मला तुमच्या पत्रावरून तरी तो निम्म्याहून अधिक गणिताचा वाटतो. विषय येणे आणि तो विषय नवख्याच्या नजरेतून पाहता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ पासून आग्रहाने मांडले आणि त्यानंतर शिक्षक-प्रशिक्षणाची भाषाच बदलली. तुमच्याजवळ दुसऱ्या प्रकारचे ज्ञान भरपूर आहे. ते बोलून दाखवण्याची सवय तेवढी नाही.

ही सवय लावण्याची जागा तुमचा विद्यापीठातला तास आहे, आणि ती जागा बहुतेक प्राध्यापक वाया घालवतात. गटचर्चेचे महत्त्व सलग पन्नास मिनिटांच्या व्याख्यानातून सांगणारे सहकारी तुम्हालाही भेटले असतील. मी स्वतः मूल्यमापनाचे तत्त्व शिकवून झाल्यावर पाठांतराच्या प्रश्नांची परीक्षा घेत असे, आणि एका विद्यार्थ्याने अगदी सभ्यपणे ते लक्षात आणून देईपर्यंत मला त्यात काही विसंगत वाटले नव्हते. मिके लुनेनबर्ग, फ्रेड कोर्टहागेन आणि आन्या स्वेनेन यांनी २००७ मध्ये नेदरलँड्समधील १० शिक्षक-प्रशिक्षकांचा अभ्यास मांडला. त्यांत स्वतःच्या अध्यापनाकडे शिकवण्याचे साधन म्हणून जाणीवपूर्वक पाहणे जवळपास आढळले नाही. चांगले शिकवून दाखवले की विद्यार्थी आपोआप ते उचलतील, हा भरवसा फोल आहे. आपण काय केले आणि का केले, हे त्याच क्षणी उघड करावे लागते. उदाहरणार्थ, तुम्ही प्रश्न विचारला, एक चुकीचे उत्तर आले आणि तुम्ही ते न खोडता फळ्यावर लिहिले, तर तिथेच थांबून सांगा की हे उत्तर मी लिहून का ठेवले, त्या क्षणी माझ्यापुढे दुसरे कोणते दोन मार्ग होते आणि ते मी का सोडले. एखादा तास फसला तर पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटे तो कुठे फसला याच्यासाठी द्या. सुरुवातीला हे अवघड वाटते, आपली अब्रू आपणच वेशीवर टांगतो आहोत असेही वाटते; परंतु विंग दाखवायची ती अशी.

आता पाठानंतरचा तो अर्धा तास. इथे मी अधिक रेंगाळणार आहे, कारण सराव पाठांचे सगळे यशापयश या चर्चेत ठरते असे माझे मत आहे.

अधिक सांगितले म्हणजे अधिक शिकले जाते, हा समज आधी सोडा. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये प्रत्याभरणावरील, म्हणजे केलेल्या कामाविषयी दिल्या जाणाऱ्या अभिप्रायावरील (फीडबॅक), अनेक जुन्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. सरासरीने फायदा दिसला खरा, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी प्रत्याभरणानंतर कामगिरी उलट घसरलेली आढळली. लक्ष कामावरून सरकून स्वतःच्या लायकीकडे वळले की प्रत्याभरणाचा गुण घटत जातो, असे त्यांचे विवेचन होते. याला जोडून फ्रान्सिस फुलर यांचे १९६९ मधले निरीक्षण आठवते: नवख्या शिक्षकाची काळजी आधी स्वतःभोवती फिरते, आपण टिकू का, मुले आपल्याला मानतील का, मुले काय शिकली याची काळजी त्याच्या मनात बरीच नंतर जागा घेते. तुमची छात्राध्यापिका पहिल्या टप्प्यात आहे आणि तुम्ही तिच्याशी शेवटच्या टप्प्याची भाषा बोलता आहात, तीही दोन पाने भरून.

पुढच्या निरीक्षणाला जाताना वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डाव्या बाजूला फक्त घडलेले लिहा, वेळेसकट: कोणता प्रश्न विचारला, कोणत्या मुलाने नेमके काय उत्तर दिले, कोणाच्या वहीत काय लिहिलेले दिसले. विशेषणे लिहू नका. 'प्रस्तावना कंटाळवाणी' हा शेरा आहे, आणि 'पहिल्या सात मिनिटांत एकाही मुलाने तोंड उघडले नाही' ही नोंद आहे. उजवी बाजू पाठ संपेपर्यंत कोरी ठेवा. पाठ संपल्यावर लगेच बोलू नका, तिला निदान पाणी पिऊ द्या, आणि मग डावी बाजू तिच्यासमोर ठेवून एवढेच विचारा की यातल्या कोणत्या नोंदीपाशी तुला थांबावेसे वाटते. ती बहुधा तुम्हाला वाटते त्याच्या आसपास येईल. येणार नाही तेव्हा तुम्ही एक नोंद निवडा, पण एकच. समजा, 'म्हणजे पावणेदोनचे निम्मे करायचे ना' असे एका मुलाने विचारले आणि ती 'बरोबर' म्हणून पुढे गेली, ही ती नोंद आहे. त्या मुलाच्या मनात काय चालले असेल, हे तिला सांगू द्या. तिला सांगता आले नाही तर तुम्ही सांगा, कारण न येणारी गोष्ट वारंवार विचारून काढून घेण्याचा खेळ हाही एक छळच असतो. त्यानंतर तिथल्या तिथे, रिकाम्या वर्गात, तुम्ही तो मुलगा व्हा आणि तिला ती दोन मिनिटे पुन्हा शिकवू द्या. एकदा, दोनदा, जमेपर्यंत. वहीच्या उजव्या बाजूला तिने स्वतःच्या अक्षरात एकच वाक्य लिहावे: पुढच्या पाठात मी काय करून पाहणार आहे. पुढच्या वेळी तुम्ही तेवढेच पाहायला जा.

या सगळ्याला वीस मिनिटे लागतात. ज्या आठ गोष्टींवर तुम्ही बोलला नाहीत त्या मनात राहतील आणि टोचतील. फलकलेखन वाकडे होते, आवाज चढा होता, वेळेचे गणित चुकले होते. टोचू द्या. संपूर्ण पाठाला तोंड देण्याआधी त्याचा छोटा तुकडा सुटा करून त्याचाच सराव करावा, ही कल्पना नवी नाही. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म अध्यापन सुरू केले ते याच हेतूने. पुढे अनेक ठिकाणी त्याचे कर्मकांड झाले, प्रत्येक कौशल्याच्या तक्त्यात खुणा करण्यापुरते ते उरले आणि छात्राध्यापक एकमेकांपुढे लटके पाठ घेऊ लागले. पण म्हणून मूळचा विचार टाकाऊ ठरत नाही.

मार्गदर्शक शिक्षिकांविषयी तुमच्या पत्रात थोडा राग आहे, तो मी समजू शकतो, पण त्यांची बाजूही पाहा. त्या वर्षभर त्या मुलांना उत्तरदायी आहेत, तुम्ही महिन्यातून दोनदा येता. त्यांच्या वर्गात कुणीतरी नवखे माणूस गोंधळ घालून जाते आणि तो निस्तरायला त्याच उरतात. विद्यापीठात शिकलेले शाळेत आपोआप उतरेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. शॅरन फायमन-नेमसर आणि मार्गरेट बुकमन यांनी १९८५ मध्येच या सापळ्याला दोन जगांचा सापळा असे म्हटले होते. या सापळ्यात छात्राध्यापिकेला दोन मालकांची चाकरी करावी लागते, आणि शहाणा नोकर करतो तेच ती करते: तुम्ही आलात की तुमच्या पद्धतीचा पाठ, तुम्ही गेलात की शाळेतल्या बाईंच्या पद्धतीचा. माझ्या उमेदवारीच्या काळात एका मार्गदर्शक शिक्षकाने मला असेच 'तुमचे विद्यापीठ तुमच्यापाशी ठेवा' म्हणून सुनावले होते. पुढे कळले की आमच्या विभागाने त्यांना मूल्यमापनाचा लांबलचक तक्ता पाठवला होता आणि इतक्या वर्षांत त्यांचे मत मात्र एकदाही विचारले नव्हते. म्हणून पुढच्या भेटीत पाठाच्या आधी त्यांच्याकडे जा आणि विचारा की या मुलीत तुम्हाला काय दिसते. त्यांना वर्गातल्या एकेका मुलाची नाडी माहीत आहे, ती तुम्हाला माहीत नाही. तिघींनी एकत्र बसून येत्या पंधरवड्यासाठी एकच लक्ष्य ठरवावे, आणि ते दोन्ही जगांत चालणारे असावे. समजा, सूचना देताना मुले हातातले काम थांबवून ऐकतील असे पाहणे आणि सूचनेनंतर लगेच प्रत्येकाला करण्याजोगे एक उदाहरण देणे. यात बाईंची शांतता आहे आणि तुमचे गणितही आहे.

शोधनिबंधांचे थोडक्यात सांगतो. शाळाभेटींचे मोल विद्यापीठीय हिशेबात कमी धरले जाते, हा अन्याय जुना आहे आणि तो तुमच्या एकटीच्या कष्टाने मिटणार नाही. विभागप्रमुखांकडे भेटींचे तास कार्यभारात दाखवण्याची लेखी मागणी करा आणि ती लावून धरा. मात्र शाळा एकीकडे आणि संशोधन दुसरीकडे, अशी विभागणी स्वतःच्या मनात करू नका. वर सांगितलेली दोन रकान्यांची वही तुम्ही एक वर्ष प्रामाणिकपणे ठेवलीत, छात्राध्यापकांची रीतसर संमती घेतलीत आणि आपल्या बोलण्याने त्यांच्या पुढच्या पाठात काय बदलले वा बदलले नाही हे तपासलेत, तर ते संशोधनच आहे. शिक्षक-प्रशिक्षकांनी स्वतःच्याच कामाचा अभ्यास करण्याची परंपरा १९९० च्या दशकापासून चांगली रुजली आहे आणि तिला वाहिलेली नियतकालिकेही आहेत.

राहिला सहीचा प्रश्न, आणि तो मी मुद्दाम शेवटी ठेवला. तुमच्या सहीवर तिचे वर्ष अवलंबून आहे हे तुम्ही लिहिले आहे. त्या सहीवर तिच्यासमोर पुढे बसणाऱ्या मुलांचीही वर्षे अवलंबून आहेत, आणि ती मुले तुम्हाला पत्र लिहिणार नाहीत. कष्टाळू आहे म्हणून उत्तीर्ण करणे ही दया तिच्यावरही होत नाही, कारण न जमणारे काम रोज करत राहण्याइतकी मोठी शिक्षा नसते. पण याच्या उलट बाजूनेही तेवढ्याच कसोशीने विचार करा. आतापर्यंत तिला दोन दोन पाने शेरे मिळाले, एकदा भर वर्गात तिच्या हातातला खडू काढून घेतला गेला आणि दोन मार्गदर्शकांनी दोन दिशांना ओढले. एवढ्यावरून तिला शिकवता येत नाही असा निष्कर्ष काढणे न्यायाचे होणार नाही. तिला नीट शिकवले गेले की नाही, हेच अजून ठरायचे आहे. म्हणून उरलेल्या काळासाठी दोन किंवा तीन अपेक्षा लिहून काढा, पाहता आणि मोजता येतील अशा. त्या तिला आताच द्या, आणि त्या पूर्ण झाल्या नाहीत तर काय होईल हेही आताच सांगा. निर्णयाच्या पाठाला दुसऱ्या एका प्राध्यापकाला किंवा मार्गदर्शक शिक्षिकांना बरोबर बसवा, कारण जिला तुम्ही हात धरून शिकवले तिचे माप तुमच्या एकटीच्या हातात असू नये. अपेक्षा पूर्ण झाल्या नाहीत आणि नियमांत आंतरवासितेची मुदत वाढवण्याची सोय असेल तर ती घ्या. सोय नसेल तर सही करू नका, आणि ते तिला निकालाच्या कागदावरून कळू न देता समोर बसून सांगा.

त्याआधी एक काम आहे. तिच्याकडे जाऊन, तुझा पाठ मी मध्येच घ्यायला नको होता, असे सरळ शब्दांत सांगा आणि त्याला 'पण मुलांसाठी' असे शेपूट जोडू नका. मग मार्गदर्शक शिक्षिकांची परवानगी घेऊन त्याच वर्गावर एक तास तुम्ही घ्या, या वेळी आधी ठरवून, आणि मागच्या बाकावर तिला बसवा. तुमचे टाचण तिला आदल्या दिवशी द्या, खाडाखोडीसकट, म्हणजे तुम्ही कोणती उदाहरणे आधी घेतली आणि का खोडली हे तिला दिसेल. रेघ मारलेली वही तिच्या हातात असू द्या. डाव्या बाजूला ती तुमच्या पाठात घडलेले लिहील, आणि तास संपल्यावर पहिला प्रश्न तिने तुम्हाला विचारायचा आहे.